भिडेखातर केलेली सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नाही म्हणायला शिका’, ‘स्वतःभोवती सीमारेषा आखा’ असे लेख हल्ली पुरवण्यांतून सारखे येतात. सल्ला चुकीचा नाही, फक्त फार वरवरून जातो. लेख वाचून मान डोलावणारा माणूस त्याच आठवड्यात चुलतभावाबरोबर पतसंस्थेत जाऊन जामीनदाराच्या रकान्यात सही करून येतो, आणि आपण काही ओलांडू दिलं असं त्याच्या ध्यानीमनीही नसतं. आपल्या घरांत भिडस्त माणसाची सगळ्यात महागडी परीक्षा या सहीपाशी होते, म्हणून फक्त तिच्याबद्दल लिहीत आहोत. आमच्यापैकी एकाचं काम सहकारी कर्जवसुलीतलं, दुसरीचं कौटुंबिक समुपदेशनातलं. दोन्ही टेबलांसमोर येऊन बसणारी माणसं बरीचशी तीच असतात.

आधी शब्दाचं. ‘मर्यादा’ म्हटलं की आपल्याला सुनेने, धाकट्याने, नोकराने सांभाळायची मर्यादा आठवते. समोरच्याने कुठे थांबायचं हे सांगणारा जुना शब्द शेतकऱ्याकडे आहे: बांध. बांध कुणी एका रात्रीत फोडत नाही. दर नांगरटीला तो थोडा थोडा कोरला जातो, आणि दहा वर्षांनी सरकारी मोजणी आणली की दोन गुंठे गेलेले असतात. आपलाच बांध आपण का कोरू देतो, यालाही नेमका मराठी शब्द आहे: भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण ज्याने केली त्याने बहुधा जामीनकीचे कागद जवळून पाहिले असावेत.

प्रसंग साधारण सगळीकडे एकाच साच्याचा असतो. भाचा रविवारी येतो, बायको-मुलाला घेऊन. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये फॉर्म असतो आणि सही जिथे करायची तिथे पेन्सिलीची बारीक फुली आधीच मारलेली असते. पोहे होतात, चहा होतो. मग:

‘मामा, एक काम होतं. नुसती सही पाहिजे. नावाला.’

‘कसली रे?’

‘पतसंस्थेतून पाच लाख काढतोय. हप्ता माझ्याच पगारातून जाणार. तुम्हाला एक रुपया भरावा लागणार नाही.’

‘अरे, माझंच घराचं कर्ज चालू आहे अजून.’

‘त्याचा याला काही संबंध नाही, मी विचारूनच आलोय.’

‘पाहू. कागद ठेवून जा.’

‘उद्या अकराला मंजुरीची मीटिंग आहे, मामा. म्हणून तर आज आलो.’

मामांनी इथे दोन चुका केल्या, आणि दोन्ही आपण सगळेच करतो. पहिली चूक म्हणजे कारण दिलं. कारण दिलं की ते खोडता येतं. ‘माझं कर्ज चालू आहे’ याला ‘संबंध नाही’ हे उत्तर तयार असतं, ‘सध्या अडचण आहे’ याला ‘मग पुढच्या महिन्यात?’. दुसरी चूक ‘पाहू’. मराठीत ‘पाहू’, ‘बघू’, ‘करू काहीतरी’ हे म्हणणाऱ्याच्या मनात नकार असतात आणि ऐकणाऱ्याच्या कानात होकार. भाचा तिथून उठून व्यवस्थापकाला सांगतो की मामा तयार आहेत, त्या भरवशावर बाकीचे कागद पुढे सरकतात, आणि बुधवारी मामांनी नाही म्हटलं तर तो नकार राहत नाही, शब्द फिरवणं होतं. रविवारी जे दहा मिनिटांच्या अवघडलेपणात भागलं असतं त्याला बुधवारी दोन वर्षांचा अबोला लागतो.

आता ‘नावाला’ या शब्दाचं काय ते पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणजे पूर्ण मुद्दल, पूर्ण व्याज आणि वसुलीचा खर्च. दोन जामीनदार आहेत म्हणून प्रत्येकाचा निम्मा, असा समज सर्रास आढळतो, तो चूक आहे. संस्था दोघांपैकी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकते. निम्म्याची वाटणी हा त्या दोघांचा आपसातला हिशेब, तो कलम १४६ खाली नंतर करत बसायचा. ‘आधी त्याची जमीन विका, मग माझ्याकडे या’ असंही जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच बँक ऑफ बिहारच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे की आधी कर्जदाराच्या मागे लागा असं बंधन धनकोवर घालता येणार नाही. आणि व्यवहार पाहिला तर संस्था आधी तिकडेच वळते जिकडे वसुली सोपी असते. कर्जदार गाव सोडून गेलेला असतो, मामांचा पगार मात्र दर महिन्याला एकाच खात्यावर जमा होतो. जामीनदार म्हणून मामांना निवडलं होतं ते त्या पगारासाठीच.

सहकारी पतसंस्था आणि सहकारी बँकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात. दिवाणी दाव्यासारखी वर्षानुवर्षं त्यात जात नाहीत. दाखला निघाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, त्याच कायद्याच्या नियमांतल्या नियम १०७ खाली जप्ती आणि लिलाव होऊ शकतो, जामीनदाराच्या सातबाऱ्यावर बोजा चढू शकतो. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर कलम १५४ प्रमाणे वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. म्हणजे जे काही म्हणायचं ते दाखला निघण्याआधीच्या सुनावणीत म्हणायचं. आणि नेमकं तेव्हाच भाचा म्हणतो, ‘मामा, तुम्ही नका जाऊ, मी बघतो सगळं.’ मामा जात नाहीत. भाचाही जात नाही.

आकडा डोळ्यांपुढे ठेवून बघा. ५ लाखांचं कर्ज, १२ टक्के व्याज, ५ वर्षं. हप्ता ११,१२२ रुपये. भाच्याने दीड वर्ष, म्हणजे १८ हप्ते, नियमित भरले: साधारण २ लाख. सगळ्यांना वाटतं ३ लाख उरले. प्रत्यक्षात उरतं ३ लाख ८० हजारांच्या आसपास, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. तिथून हप्ते थांबले आणि प्रकरण दोन वर्षं घरंगळत गेलं, तर महिन्याच्या चक्रवाढीने रक्कम ४ लाख ८२ हजारांवर जाते. वर नोटिशीचा, वकिलाचा, वसुलीचा खर्च. दोन लाख भरून झाल्यावरही कर्ज पुन्हा पाच लाखांचंच. जामीनदाराला पहिली नोटीस बहुतेक वेळा या टोकाला मिळते, पहिला हप्ता चुकला तेव्हा नाही.

मग नाही कसं म्हणायचं? खरं तर याची तयारी कुणी मागायला येण्याआधीच होते, समोर भाचा बसलेला असताना नाही. नवरा-बायकोने एका संध्याकाळी बसून दोन गोष्टी ठरवाव्यात. एक म्हणजे नियम. ‘आम्ही कुणालाच जामीन राहत नाही’ हा सगळ्यात टिकाऊ, कारण त्यात माणसाचं मोजमाप होत नाही. ‘भावाला राहतो, साडूला नाही’ असा नियम केलात की प्रत्येक नकार अपमान होतो. दुसरी गोष्ट म्हणजे विसरण्याजोगी रक्कम: दिली आणि परत आली नाही तरी घरात कुणाची झोप उडणार नाही अशी. दरमहा हातात ३८,००० येत असतील आणि सगळा खर्च, हप्ते, शाळा जाऊन ६,००० उरत असतील, तर वर्षाचे ७२,०००. त्यातला मोठा भाग आजारपण आणि अडीअडचणीला हवा. १५,००० ही त्या घराची विसरण्याजोगी रक्कम झाली. ती वर्षाची, माणशी नव्हे.

आता रविवारचा प्रसंग पुन्हा. ‘नुसती सही पाहिजे’ याला उत्तर एकच वाक्य आणि तेही त्याच बैठकीत: ‘जामीनकीची सही मी कुणासाठीच करत नाही, हा माझा नियम आहे. १५,००० देतो, ते परत करायचे नाहीत.’ एवढंच. पुढे ‘कारण’ हा शब्द आला की तोंड मिटायचं. तो म्हणेल, ‘म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?’ यावर ‘तसं नाही रे, विश्वास आहे, पण...’ असं सुरू झालं की संपलं. त्या ‘पण’च्या पुढे काहीही आलं तरी ते खोडण्यासारखंच असतं. उत्तर पुन्हा तेच, त्याच शब्दांत, आवाज न चढवता: ‘मी कुणासाठीच करत नाही.’ तिसऱ्यांदाही तेच. नवं वाक्य आलं की समोरच्याला वाटतं दार किलकिलं झालं.

मोठ्या माणसाला नकार देताना अडचण जास्त. धाकटा भाऊ सवयीने सुरुवात करतो: ‘दादा, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, पण...’ पहिल्या अर्ध्या वाक्यातच किल्ला दिला. त्याऐवजी ‘दादा, राग मानू नका. जामीनकीची सही मी कुणाचीच करत नाही. तेवढं सोडून काहीही सांगा.’ आदर पूर्ण आहे आणि पळवाट नाही. ‘काहीही’ म्हटलं तर ते करायचीही तयारी हवी: बँकेत बरोबर जाऊन कागद वाचणं, अर्ज भरून देणं, मुलाला दोन महिने शिकवायला येणं. दोघांत अंतर पडू नये असं वाटणाऱ्याने पैशाव्यतिरिक्त काहीतरी ठोस द्यावं. नुसती सहानुभूती माणसाला जास्त टोचते.

काही नकार बाहेरून चांगले दिसतात आणि फसतात. ‘आमच्या हिला पटत नाही’ हा त्यातला सगळ्यात लाडका. त्याने नवरा सुटतो आणि पुढची दहा लग्नं बायको वाईट ठरते; शिवाय समोरचे लगेच हिला पटवायला येतात. आमचा नियम सरळ आहे: ज्याच्या बाजूचा नातेवाईक, त्यानेच नकार सांगायचा. दुसरा नकार ‘माझं सिबिल खराब आहे’. खोटं पकडलं जातं, आणि नाही पकडलं गेलं तर ते मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचतं. तिसरा उपदेशाचा: ‘आधी तो मोबाइल विक, हॉटेलं बंद कर, मग कर्जाचं बघ.’ आपला बांध आपल्या सहीपुरता असतो. त्याने कर्ज काढावं की नाही, कशासाठी काढावं, हे त्याचं रान. उपदेश केला की भांडण सहीवरून सुटून त्याच्या राहणीवर जातं, आणि ते आपण हरतो.

नकारानंतरचे पंधरा दिवस आधीपेक्षा वाईट जातात, हे मात्र धरून चाला. मावशीचा फोन येतो, ‘एवढा मोठा साहेब झाला, भाच्यासाठी एक सही नाही?’ मग कुणीतरी आईला मध्ये घालतं. पूर्वी मागे लागलं की काम व्हायचं, म्हणून यावेळी जरा जास्त मागे लागून बघतात. याच दिवसांत पुष्कळ जण विरघळतात, आणि तेव्हा विरघळणं हे पहिल्या दिवशी हो म्हणण्यापेक्षा वाईट, कारण सगळ्या नातलगांना कळतं की या घरात नकाराची मुदत पंधरा दिवस असते. पोटात कालवाकालव होते, अपराधी वाटतं. ते वाटणं म्हणजे आपण चूक केल्याची खूण नाही. नवी चप्पल पायाला चावते तसं ते असतं. मावशीलाही तेच वाक्य. जास्तीचा खुलासा नको, आणि तिच्यापुढे भाच्याची उणीदुणी तर मुळीच नकोत.

समोरच्याला दुसरी वाट दाखवता आली तर नकार पुष्कळ हलका होतो. कित्येकदा जामीनदाराची गरजच नसते; पहिल्या पतसंस्थेने मागितला म्हणून तो शोधला जातो. मुदत ठेवीवर, विमा पॉलिसीवर, सोन्यावर कर्ज मिळतं, त्याला तारण पुरतं. भविष्य निर्वाह निधीतून आजारपण, लग्न, शिक्षण यांसाठी रक्कम काढता येते. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा तिऱ्हाईत जामीन लागत नाही, पालक सहकर्जदार असतात. २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना ठरावीक संस्थांतल्या प्रवेशासाठी तारण आणि जामीन दोन्हीशिवाय कर्ज देते. छोट्या धंद्याला मुद्रा कर्ज आहे. मामांनी जामीनकीऐवजी एक सुट्टी काढून भाच्याला घेऊन बँकेत जावं, ही मदत सहीपेक्षा मोठी आहे.

पगारदारांच्या पतसंस्थेत गोष्ट वेगळी, हे मान्य. तिथे जामीनदार सभासदच लागतो, आणि ‘मी तुला, तू मला’ अशी साखळी असते. तिथे सरसकट नकार देणाऱ्याला स्वतःच्या कर्जाच्या वेळी कुणी मिळत नाही. मग नियम थोडा बदलावा: एका वेळी एकच जामीनकी, ती फिटल्याशिवाय दुसरी नाही, आणि ज्याची निवृत्ती कर्जाच्या मुदतीआधी आहे त्याला नाही. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या सहकाऱ्याचं पाच वर्षांचं कर्ज म्हणजे शेवटच्या दोन वर्षांत पगारातून कपात हे संस्थेचं हुकमी साधनच संपलेलं असतं. कपात उरते ती तुमच्या पगारातली.

इतकं सांगूनही कुणी सही करणारच असेल, तर निदान ती उजेडात करावी. फॉर्मवर रक्कम, व्याजदर, मुदत आणि कर्जदाराचं नाव शाईने भरलेलं असल्याशिवाय पेन उचलू नये. कोऱ्या रकान्यांवर आडवी रेघ मारावी. मंजुरीपत्राची आणि जामीनपत्राची प्रत त्याच दिवशी घ्यावी, ‘नंतर देतो’ म्हणजे मिळत नाही. कर्जदाराला त्याचा क्रेडिट रिपोर्ट मागावा. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात, त्यामुळे मागण्यात अवघडण्यासारखं काही नाही, आणि तो दाखवायला जो कचरतो त्याने उत्तर दिलंच. कर्जाइतक्या रकमेचा मुदतीचा विमा काढला आहे का ते पाहावं. जामीनकी ठरावीक रकमेच्या मुदत कर्जाला असावी, कॅश क्रेडिटला नको. कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी ठरलेल्या मर्यादेपर्यंत हवं तेव्हा उचलायचं कर्ज, दर वर्षी नव्याने मंजूर होतं, मर्यादा वाढते, आणि ‘चालू जामीनकी’चा कागद असेल तर जामीनदार त्याबरोबर वाहत जातो. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे अशी जामीनकी पुढच्या व्यवहारांपुरती लेखी नोटिशीने मागे घेता येते, पण झालेल्या उचलीपुरती नाही, आणि पुष्कळ छापील फॉर्मांत ही सवलत आधीच सोडून दिलेली असते. कर्जाच्या अटी जामीनदाराला न विचारता बदलल्या तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता तो कलम १३३ खाली सुटतो असं तोच कायदा म्हणतो. तीही सवलत त्याच बारीक अक्षरांत लिहून घेतलेली असते का, ते बघावं. बारीक अक्षरं वाचायला वेळ मागितला आणि मिळाला नाही, तर तिथेच उठावं.

कोरे चेक देऊ नयेत. ‘सिक्युरिटी म्हणून’ हा शब्द फसवा आहे. जामीनदाराने दिलेला चेक न वटल्यास त्यालाही परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे चेकच्या कायद्याचं, कलम १३८ लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केलं. चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे, नाही दिले तर पुढच्या महिन्याभरात फौजदारी तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. द्यावाच लागला तर नाव, रक्कम आणि ‘अकाउंट पेयी’ लिहून द्यावा आणि नंबर आपल्या वहीत टिपून ठेवावा. आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर आडवं ‘फक्त अमुक कर्जासाठी’ आणि तारीख लिहावी. नोकरी करणाऱ्या सुनांना हे विशेष सांगणं आहे. त्यांची पगारपत्रकं आणि चेकबुक घरातल्या सामाईक कपाटात असतात, आणि सासऱ्यांच्या कर्जाचे कागद तयार झाल्यावर शेवटी सहीपुरतं त्यांना बोलावलं जातं. ती चार कागदपत्रं स्वतःच्या कप्प्यात ठेवणं ही बंडखोरी नाही, पण सुरुवातीला तशीच वाजते.

जामीनकीहून वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर कर्ज उचलणं. मोबाइलचा हप्ता, दुचाकी, बचत गटातली किंवा मायक्रोफायनान्सची उचल. ‘तुझ्या नावावर घे, हप्ता मी देते.’ इथे तुम्ही जामीनदार नसता, कर्जदारच असता. ती बाई तुमच्या व्यवहारात कुठेच नसते. दुचाकीचं तर दुहेरी आहे: विमा संपलेला असताना अपघात झाला तर भरपाईचा दावा नोंदणीकृत मालकावर, म्हणजे नावावर घेणाऱ्यावर. मायक्रोफायनान्सच्या गटात न आलेल्या बाईचा हप्ता बाकीच्यांनी भरायचा दबाव येतो, तेव्हा निदान इतकं लक्षात असावं की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि अशा कर्जाची वसुली करणाऱ्याने सकाळी ९ च्या आत किंवा संध्याकाळी ६ नंतर दारात येऊ नये. (बहिणींकडून सणासुदीला लिहून घेतलं जाणारं हक्कसोडपत्र हीसुद्धा भिडेचीच सही, पण त्यावर वेगळं पत्र लागेल.)

आधीच अडकलेल्यांसाठी. संस्थेला लेखी अर्ज करून आजची बाकी आणि थकीत हप्ते विचारावेत, पोच घ्यावी. स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढावा. ज्याला जामीन राहिलो हे विसरलो होतो अशी जुनी कर्जं त्यात सापडतात. सुटायचा मार्ग एकच: कर्जदाराने दुसरा जामीनदार द्यावा आणि संस्थेने तुम्हाला मुक्त केल्याचं लेखी द्यावं. भाच्याने शंभराच्या असो की पाचशेच्या, स्टँपवर ‘सगळी जबाबदारी माझी’ असं लिहून दिलं तरी संस्थेला त्याच्याशी देणंघेणं नसतं. तो कागद तुमच्यात आणि त्याच्यात उपयोगी. पैसे भरावेच लागले तर पावती स्वतःच्या नावाने, चेकने किंवा खात्यातून, आणि ‘जामीनदार या नात्याने भरले’ असा उल्लेख त्यावर करून घ्यावा. त्याच्या जोरावर करार कायद्याच्या कलम १४० आणि १४१ खाली संस्थेकडचं तारण आणि हक्क तुमच्याकडे येतात आणि कलम १४५ खाली कर्जदाराकडून रक्कम मागता येते. त्यासाठी मुदत पैसे भरल्याच्या तारखेपासून तीन वर्षं. नात्यात नोटीस कशी पाठवायची म्हणून लोक चौथं वर्ष उजाडू देतात. सहकारी कायद्याच्या कलम १०१ ची नोटीस आली तर ठरल्या तारखेला स्वतः हजर राहावं, सही आपली नसेल, हप्ते जमा धरले नसतील, रक्कम चुकली असेल, तर ते त्याच दिवशी लेखी मांडावं.

जामीनदाराचा मृत्यू झाला की विषय संपतो, असंही ऐकायला मिळतं. वारसांना मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत देणं त्यांच्याकडे येतं. म्हणून घरात कुठल्या जामीनक्या चालू आहेत याची एक यादी विम्याच्या कागदांजवळ ठेवावी.

शेवटी एक मागणी, आणि ती आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी अशी इच्छा आहे. पतसंस्था आणि सहकारी बँकांनी जामीनदाराला कर्जदाराच्या फॉर्ममधला एक रकाना न देता वेगळं एक पान द्यावं, मोठ्या मराठी अक्षरांत. त्यावर रक्कम, मुदत आणि ‘कर्जदाराने न भरल्यास ही संपूर्ण रक्कम व्याजासह मी भरेन’ हे वाक्य जामीनदाराने स्वतःच्या हाताने लिहावं, मग सही करावी. कागद त्याला निदान दोन दिवस आधी घरी न्यायला मिळावा. आणि पहिला हप्ता चुकला की कर्जदाराला जो एसएमएस जातो तोच जामीनदारालाही त्याच दिवशी जावा. खर्च काही पैशांचा. ज्या संस्थांना वसुलीची खरीच काळजी आहे त्यांना यात हरकत वाटू नये. ज्यांना हरकत वाटेल त्यांची कारणं ऐकायला आम्हाला आवडेल.

आपले,
दोन वाचक
सांगली